तापाआधीचा मुक्काम

दीपमाला गेल्याचं मोतीरामला कळलं तेव्हा समोर पडद्यावर त्यानंच केलेला जिल्ह्याचा नकाशा होता. शुक्रवार होता, दुपारचे पावणेबारा.

साथनोंद कक्षात दर शुक्रवारी बैठक व्हायची. गावोगावच्या दवाखान्यांकडून तापाच्या रुग्णांच्या याद्या यायच्या. मोतीराम त्या एकत्र करायचा आणि पुढच्या आठवड्यात ताप कुठं वाढेल याचा अंदाज काढायचा. ही पद्धत त्यानंच बसवलेली होती. जिल्ह्याचे एकशे बारा तुकडे पाडलेले. एखाद्या तुकड्यात मागच्या दोन आठवड्यांत किती रुग्ण निघाले, त्याला लागून असलेल्या तुकड्यांत किती निघाले आणि पाऊस किती पडला, हे सगळं गणितात घालायचं आणि येईल त्या आकड्याप्रमाणे तुकडा रंगवायचा. जास्त धोका तो लाल, मधला पिवळा, नसल्यात जमा तो हिरवा. धुराची गाडी आणि फवारणीवाले लाल तुकड्यात जायचे. सहा वर्षांत अंदाज बहुतेक वेळा खरा निघाला होता, म्हणून ऑफिसातले लोक मोतीरामला मागं 'पंचांग' म्हणायचे. कधी कधी तोंडावरही म्हणायचे.

त्या दिवशी शहरातली मुकुंदवाडी लाल होती. सलग चौथा आठवडा. सिल्लोडची सगळी बाजू हिरवी होती.

"मुकुंदवाडीत या आठवड्यात एकोणीस," तो सांगत होता. "पुढच्या आठवड्यात चोवीस ते तीस धरून चाला. लागूनचे दोन वॉर्ड पिवळे होतायत."

फोन टेबलावर थरथरला. मेहुण्याचा होता, कडुबाचा. सकाळी साडेनऊलाच त्याचा फोन येऊन गेला होता, की ताईला श्वास लागतोय, गाडी करून शहरात आणतो. सिल्लोडच्या पलीकडून निघून दवाखान्यात यायला साडेबारा होतील असा हिशोब धरून मोतीराम बैठकीला थांबला होता.

तो व्हरांड्यात आला.

"दाजी, आम्ही फुलंब्रीत थांबलोय," कडुबा म्हणाला.

"थांबलात कशाला? तशीच पुढं आण गाडी. मी गेटवर येतो."

कडुबाच्या मागं बाईमाणसाचं रडणं ऐकू येत होतं. ती साळूबाई होती, मोतीरामची सासू, आणि ती लेकीचं नाव घेऊन रडत होती.

"ताई गेली, दाजी. आत्ताच. गाडीतच."

आत कुणीतरी विचारलं, पुढचा नकाशा कुठाय. मोतीराम आत गेला, पुढचा नकाशा लावून दिला, आणि मग म्हणाला की मला जावं लागेल. असं का केलं हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

कडुबानं गाडी तशीच दवाखान्यात आणली. निरोप मिळताच साथरोगाच्या डॉक्टर सुकेशनी मॅडम तिथं मोतीरामच्या आधी पोचल्या होत्या. त्या कक्षाच्या प्रमुख. वयानं त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण मोतीराम त्यांना मॅडम म्हणायचा आणि त्या त्याला काका. त्यांनी रक्त तपासायला घ्यायला लावलं. "काका, पाच दिवसांत माणूस जातो म्हणजे नुसता ताप नाही. बघू द्या मला," एवढंच बोलल्या. खिडकीवरच्या माणसानं फॉर्म पुढं सरकवला. नाव, वय, पत्ता. मोतीरामनं लिहिलं: दीपमाला, त्रेचाळीस, मुकुंदवाडी. हात सवयीनं चालला. दोन घरं असलेली माणसं असंच लिहितात. गावाकडचा पत्ता सांगितला की खिडकीवरचा माणूस म्हणतो, मग तुमच्या तालुक्याला का नाही गेलात. म्हणून सगळे शहरातला पत्ता सांगतात. आधारावर तोच, गॅसच्या पुस्तकावर तोच.

मुकुंदवाडीत मोतीरामच्या गल्लीत निम्मी घरं सिल्लोडकडची. पोरं शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला, म्हातारी माणसं आणि वावर गावाकडं.

दीपमाला भाऊबीजेला माहेरी गेली होती. सावळदऱ्याला. दरवर्षी दोन दिवस राहायची आणि परत यायची. या वर्षी मोतीराम स्वतः तिला आणि मोनिकाला, त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीला, बसमध्ये बसवताना म्हणाला होता, "लगेच येऊ नका. इथं तापाचं खरं नाही. पंधरा-वीस दिवस तिथंच राहा."

"आणि तुमच्या डब्याचं?" दीपमालानं विचारलं होतं.

"मी बघतो माझं."

"बघाल तुम्ही. पोह्याच्या डब्यात साखर ठेवलीय, मीठ समजून घालू नका." मग तिनं खिडकीतून विचारलं, "तिकडं नाही ना काही?"

"तिकडं काही नाही. तिकडं सगळं हिरवं आहे."

ताप आला तेव्हाही तिनं फोन केला होता. डोकं फार दुखतं म्हणाली. मोतीराम म्हणाला, तिकडं साथ नाही, साधा ताप असेल, सिल्लोडला डॉक्टरकडं जा आणि सलाईन लावून घे. तिनं तसंच केलं.

मुकुंदवाडीला अंत्यविधी झाला. लोक आले, गेले. साळूबाई दहा दिवस राहिली. एकदा चुलीपाशी बसल्यासारखी गॅससमोर जमिनीवर बसून म्हणाली, "न्हाऊ घालताना तिच्या काखंत काळं व्हतं. बिडीचा चटका बसल्यावानी. मी म्हनलं, काय चावलं असंल." मोतीरामनं ऐकलं आणि सोडून दिलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी साळूबाई गावी निघाली. मोनिका म्हणाली, "मी जाऊ का आजीसोबत? घरात नको वाटतं, पप्पा."

मोतीरामला तिला सोडवत नव्हतं. पण गल्लीच्या तोंडाशी धुराची गाडी उभी होती, शेजारच्या घरात दोघं तापानं पडलेले होते. त्याला वाटलं, दीपमाला तिकडं आजारी पडून गेली हे नशीब, पण धोका इथंच जास्त. गणित तेच सांगत होतं. त्यानं मोनिकाची पिशवी उचलून बसपर्यंत नेली.

बुधवारी तो कामावर गेला. टेबलावरची फाईल कुणी हलवली नव्हती. त्यानं यादी उघडली. नावं येत नाहीत यादीत, नुसतं वय, पत्ता आणि तपासणीचा निकाल येतो. मुकुंदवाडीच्या खाली खाली जाताना एक ओळ दिसली.

स्त्री, ४३, मुकुंदवाडी, मयत. स्क्रब टायफस, पॉझिटिव्ह.

त्या रोगाचा रकाना यादीत कायम होता आणि कायम निरंक असायचा. मोतीरामला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की गवतात डोळ्याला न दिसणारा बारीक किडा असतो, तो चावतो, चावल्याजागी काळी खपली धरते आणि सहा ते एकवीस दिवसांत ताप येतो. पहिल्या चार-पाच दिवसांत गोळी मिळाली तर माणूस उठतो. साधीच गोळी, कुठल्याही आरोग्य केंद्रात मिळणारी.

त्याला साळूबाईचं बोलणं आठवलं, काखेतल्या काळ्या डागाचं.

ही ओळ मुकुंदवाडीच्या खात्यात धरली गेली होती. गणितानं ती घेतली होती आणि मुकुंदवाडी आणखी लाल केली होती. पण ती बाई भाऊबीजेपासून बावीस दिवस मुकुंदवाडीत नव्हतीच. ती कुठं झोपत होती हे मोतीरामला माहीत होतं. बाकीच्या ओळींतली माणसं कुठं झोपत होती हे त्याला माहीत नव्हतं, आणि सहा वर्षांत त्यानं ते कधी विचारलं नव्हतं.

तो सुकेशनी मॅडमच्या खोलीत गेला. "मॅडम, मुकुंदवाडीच्या किती जणांची डेंगीची तपासणी निगेटिव्ह आली?"

"बऱ्याच जणांची. आपण संशयित म्हणून धरलेत ना ते?"

"त्यांचे फोन नंबर लागतील."

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. "काका, तुम्ही घरी जा. आजच आलात तुम्ही."

"नंबर द्या," मोतीराम म्हणाला.

साठ नंबर होते. तो एकेकाला लावत गेला. प्रश्न एकच. ताप यायच्या आधी पंधरा दिवस मुक्काम कुठं होता?

पहिल्यांदा एका पोराच्या बापानं उचलला. "घरीच की. मुकुंदवाडीत. म्हणजे मधी रविवारी गावाकडं गेलो व्हतो, मका सोंगायला. ते धरायचं का?"

"कुठलं गाव?"

"सावळदरा."

मोतीरामनं कागदावर लिहिलं: सावळदरा, मक्याची कापणी. दुसरा म्हणाला, कामावरच होतो साहेब, सुटी कुठं मिळते. मग मागून त्याची बायको म्हणाली, अहो दोन रविवार गेला नव्हतात का पेंढ्या बांधायला, खोटं कशाला बोलता सरकारी माणसाशी. तिसऱ्यानं शिव्या घातल्या, कारण त्याला वाटलं बँकेचा फोन आहे. एकीनं विचारलं, हे विचारून काय होणार. मोतीराम म्हणाला, अजून माहीत नाही.

दुपारी दोनपर्यंत अडतीस जणांनी फोन उचलला. त्यातले एकतीस जण मक्याला गेले होते, सिल्लोडच्या पलीकडच्या एकाच दऱ्यातल्या गावांत. वीस वर्षं ज्या भागात तो राहत होता, तिथल्या सात माणसांनाच ताप मुकुंदवाडीत आला असणार. बाकीचे तो गावाहून अंगात घेऊन आले होते. शहरात येऊन पडले, शहराचा पत्ता सांगितला, आणि गाव हिरवं राहिलं.

त्यानं कागदावर गावं लिहिली आणि प्रत्येक गावापुढं तारखा. ताप गावाशेजारच्या गावात सरकायला हवा होता. त्याचं गणित तसंच चालायचं. पण इथं तो सावळदऱ्यावरून मधलं निमगव्हाण सोडून एकदम पुढच्या वस्तीत गेला होता आणि तिथून मागं वळून दुसऱ्या बाजूला. कुठलाच शेजार जुळत नव्हता. क्रम मात्र असणार. कुठल्या गावात पुढं येणार हे त्या क्रमात होतं, आणि मोतीरामला तो लागत नव्हता.

त्यानं कडुबाला फोन लावला.

"सावड कशी चालते तुमची?" त्यानं विचारलं. आज सगळे मिळून एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या, ही सावड त्याला माहीत होती. पण तो कधी त्यात उतरला नव्हता. "आधी कुणाचं, मग कुणाचं?"

"आता हे कशाला पायजे तुम्हाला?"

"सांग तू."

"मका वाळल तसं, दाजी. नाल्याकाठची वावरं आधी, तिथं पेरणी आधी व्हती. पयलं आमचं, मंग खालच्या वस्तीचं, मंग पलीकडच्या अंगाचं. तिथनं वरची वावरं." कडुबानं दिवस धरून नावं सांगितली. त्याला सगळं तोंडपाठ होतं, त्या गावातल्या कुणालाही असतं.

"आणि निमगव्हाण? मधलं?"

"त्यांचा मका उशिराचा. पावसानं दुबार पेरला बिचाऱ्यांनी. त्यांची पाळी आत्ता लागली. आज फकिरा आबाच्या वावरात हायेत सगळे."

मोतीराम तारखांवरून बोट फिरवत होता. ज्या दिवशी ज्या गावात विळा गेला, त्याच्या दहा-बारा दिवसांनी त्या गावातल्या माणसांना ताप आला होता. एकही ओळ चुकत नव्हती. ताप सावडीच्या मागं मागं चालला होता.

"तिथं गवत आहे का बांधाला?"

"गवत? या वर्षी पाऊस किती झाला. कमरंएवढं हाय. बाया तिथंच भाकरी खात्यात, तिथंच पडत्यात जरा." मग कडुबा म्हणाला, "आपली मोनिकाबी गेलीय आज. ताईच्या दोन पाळ्या राहिल्या व्हत्या ना. मी म्हनलं राहू दी, कोन मागायलंय. तर ती म्हनली, आईच्या हाये, मी फेडते."

मोतीराम उठला. खुर्ची मागं पडली, ती त्यानं उचलली नाही.

मोनिका आधीही गेली होती वावरात, आईसोबत. आईला ताप आला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. त्याला अठरा दिवस झाले होते. एकवीस दिवसांपर्यंत ताप येऊ शकतो. त्यानं फोन लावला. साळूबाईचा बंद, मोनिकाचा लागत नव्हता. त्या दऱ्यात वावरात गेलं की फोन लागत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं आठ-दहा वेळा लावला.

सुकेशनी मॅडमना त्यानं कागद दाखवला. त्या वाचत उभ्याच राहिल्या. मग त्यांनी कपाटातून गोळ्यांची पाकिटं काढली.

"ताप असेल आणि तिकडं गेला असेल, तर तपासणीची वाट बघायची नाही. पहिली गोळी लगेच. मी तिथल्या आरोग्य केंद्राला कळवते, उद्या पथक पाठवते. आणि काका, अंग बघा. काख, कंबर, मांड्या. कपडा घट्ट बसतो तिथं."

"मी कसं बघू? सोळा वर्षांची आहे ती."

"आजीला बघायला लावा."

मोटारसायकल होती. जळगाव रस्त्याला लागल्यावर त्याला एकच गोष्ट सुचत होती, दिवस मोजणं. आज अठरावा. ताप आज आला असला तर अजून चार दिवस हातात आहेत. काल आला असला तर तीन. सोमवारी बसमध्ये बसताना तिचं अंग गरम होतं का? त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, पण तो निरोप द्यायला ठेवला होता, त्यात ताप कुठून कळणार. फुलंब्रीत रस्त्याच्या कडेला एका टपरीपाशी गाडी जिथं उभी केली होती असं कडुबा सांगायचा, ती जागा आली. मोतीरामनं तिकडं बघितलं नाही. पुढं सिल्लोडच्या बाजारात मक्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, तिथं अर्धा तास गेला. समोरच्या ट्रॉलीत कणसांच्या ढिगावर दोन बाया निजलेल्या होत्या. त्याला त्यांना उठवावंसं वाटलं.

निमगव्हाणला पोचेपर्यंत पाच वाजत आले. वावरात वीस-पंचवीस माणसं एका रांगेत मका सोंगत होती. बांधावर फकिरा आबा बसलेला, सत्तरीचा, पागोटं गुडघ्यावर काढून ठेवलेलं.

"या पाव्हनं," तो म्हणाला. "विळा आनलाय का तसंच आलात?"

"मोनिका कुठंय?"

"हाये की. झाडाखाली पडली मघाशी. उन्हाचं डोकं धरलं म्हनं. शहरातली पोरगी, चार ताटं कापली की दमती."

बांधावरच्या बाभळीखाली गवतात मोनिका निजली होती, ओढणी डोक्यावरून घेऊन. मोतीरामनं ओढणी काढली. तिचे डोळे लाल होते.

"पप्पा? तुम्ही कसे आलात?"

"कधीपासून दुखतंय?"

"काल रात्रीपासून. जास्त नाही. आजीला सांगू नका, ती उगाच रडत बसते."

तिच्या कपाळाला हात लावायच्या आधीच त्याला उष्णता लागली.

साळूबाई रांगेतून विळा टाकून धावत आली. मोतीरामनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, काय बघायचं आणि कुठं. चार बायांनी लुगड्यांचा आडोसा केला. मोतीराम पाठ करून उभा राहिला. समोर उभा मका होता, वाऱ्यानं वाजत होता. आडोशामागं साळूबाईचा हात फिरत होता आणि बायका हळू बोलत होत्या. फार वेळ झाला असं त्याला वाटलं.

"हाय," साळूबाई म्हणाली. "कमरंला. नाडी बांधतो तिथं. दीपीला व्हतं तसंच."

मग ती बांधावर बसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

मोतीरामनं गोळी काढली. पाण्याचा तांब्या तिथंच होता. मोनिका गोळी गिळताना त्यानं तिच्या गळ्याकडं बघितलं, ती खाली गेली की नाही ते.

"आईलाही हेच झालं होतं का?" तिनं विचारलं.

"आईला गोळी मिळाली नव्हती," तो म्हणाला.

रांग थांबली होती. लोक जवळ आले होते. मोतीराम म्हणाला, "काम बंद करा. गवतात बसू नका. या सावडीत कुणाकुणाला ताप आहे?"

"ताप कुनाला नाय?" फकिरा आबा म्हणाला. "मक्याच्या दिवसात येतोच. हा आला, चार दिवसांनी गेला. अर्धं वावर उभं हाय माझं. सगळ्यांचं झालं, आन माझ्या पाळीला गावाला रोग आला. वा रं."

दोघं-तिघं हसले.

"आबा, ज्यांच्या वावरात झालं, तिथले लोक आजारी पडलेत. नाल्याकाठचे आधी, मग खालच्या वस्तीचे. ज्या क्रमानं तुम्ही गेलात त्याच क्रमानं. अडतीस जणांना विचारून आलोय मी."

हसणं थांबलं. एक बाई म्हणाली, "खालच्या वस्तीची बानाबाई आठ दिस झाले उठली नाय." दुसरी म्हणाली, "आमचे मालक आज आलेच नाय, अंग मोडून आलं म्हनून." मग एकेक नाव निघायला लागलं. मोतीराम लिहीत गेला. सात नावं झाली.

"आन हे तुमच्या ऑफिसाला आत्ता कळलं?" फकिरा आबानं विचारलं. "तुमच्या कागदात आमचं गाव हाय का नाय?"

"होतं. हिरवं होतं."

"म्हंजी?"

"म्हणजे इथं काही नाही, असं मी लिहिलं होतं."

आबानं पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. मग त्यानं रांगेकडं बघून हात केला, की चला घरी.

आरोग्य केंद्रात मोनिकाला सलाईन लावली. ताप एकशे तीन होता. नर्सनं सांगितलं, दोन दिवसांत उतरला पाहिजे. न उतरला तर शहरात. कॉटच्या एका बाजूला मोतीराम आणि दुसऱ्या बाजूला साळूबाई. तिथं पडद्यावर काही नव्हतं आणि गणितही नव्हतं. दर तासाला काखेत थर्मामीटर ठेवायचा आणि आकडा बघायचा, एवढंच होतं. एकशे तीन. एकशे तीन. एकशे तीनच्या वर एक रेघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोनिकाला श्वास घेताना त्रास व्हायला लागला असं त्याला वाटलं. त्यानं नर्सला तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, तिचा श्वास बरोबर चाललाय. तुमचाच लागलाय." मग तिनं त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि चहा दिला.

साळूबाई बाहेर आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"मामी," मोतीराम म्हणाला, "दीपमालाला तिकडं थांब मीच म्हणालो होतो."

"ठाव हाय. तिनं सांगितलं व्हतं मला. हे म्हनत्यात, इकडं हिरवं हाय."

"पोरीलाही मीच पाठवलं परत."

"तेबी ठाव हाय." साळूबाई समोर बघत होती. "आता मला काय इचारू नका. मी तुम्हाला चांगलंबी म्हनायची नाय आन वाईटबी. पोरगी उठू द्या."

तिसऱ्या दिवशी पहाटे मोनिकाचं अंग घामानं भिजलं. थर्मामीटर नव्व्याण्णववर आला. मोतीरामनं तो झटकून पुन्हा लावला, आणि तिसऱ्यांदाही. मोनिकानं डोळे न उघडता विचारलं, "पास झाले का मी?" साळूबाई उठून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

पथक आलं होतं. सातही जणांना गोळ्या मिळाल्या. बानाबाईला शहरात न्यावं लागलं. ती पंधरा दिवसांनी परत आली, काठी धरून चालत. फकिरा आबाचं उरलेलं वावर पुढं यंत्र लावून काढलं. त्याला परवडलं नाही, आणि तो मोतीरामला दिसेल तिथं ते ऐकवायचा.

मोतीरामनं यादीत एक नवा रकाना घातला. ताप यायच्या आधीचे पंधरा दिवस मुक्काम कुठं. खिडकीवरच्या माणसांना तो विचारायला पटवणं सोपं गेलं नाही. आधीच रांग असते, म्हणाले, त्यात हे. काहींनी रकाना पत्ता बघूनच भरून टाकला. असे कागद मोतीराम परत पाठवायचा. गणितातून शेजार काढून टाकता येत नव्हता, कारण डेंगी अजूनही शेजारूनच सरकत होती. म्हणून त्यानं दुसरं गणित वेगळं बसवलं, ज्यात गावामागं गाव सावडीच्या क्रमानं लावलेलं होतं, आणि विळा गेल्यापासून किती दिवस झाले ते धरलेलं होतं. पुढच्या शुक्रवारी त्या गणितानं दोन गावं लाल केली. पथक तिथं गेलं तेव्हा एका गावात कुणालाच ताप नव्हता आणि दुसऱ्यात पाच जण नुकतेच पडलेले होते.

बैठकीत कुणी त्याला पंचांग म्हटलं नाही. त्याला ते हवं होतं असंही नाही. पण नकाशा लावला की तो आता लाल तुकड्यांकडं बघत नसे. हिरव्या तुकड्यांवर बोट ठेवून विचारायचा, इथं कुणाला विचारलंय का. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असायचं.

मोनिका कॉलेजला जायला लागली. केस गळत होते, ते येतील परत असं मॅडम म्हणाल्या. रोज सकाळी मोतीराम तिच्या कपाळाला हात लावतो. ती म्हणते, पप्पा, झालं आता. तो हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो.

त्या दऱ्यात एकूण अकरा गावं आहेत. सहा गावांचा सावडीचा क्रम विचारून झाला. पाच गावांत अजून कुणी गेलेलं नाही, आणि तिथं मका सोंगणं चालू आहे.